एकाच बशीत दोघी

बीड,
४ डिसेंबर १९९४

प्रिय अक्का,

उमापूरहून निघताना तू दिलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी फस्त केल्या. मला एकच मिळाली. तरी मी खुशीत आहे. पुढं शिकायचं की घरी परतायचं, हे याच महिन्यात ठरायचंय आणि नेमकी आत्ताच ती बुरशी हरली! उसाला पाणी देताना शेजारच्या छबुबाईंच्या पायांना चिखल्या होतात ना, ती.

अव्वा म्हणते, "लोकांच्या पोरी बुरशी पुसून काढत्यात, आमची पाळती." वर्षभर पाळली. मातीतला एकेक जंतू काचेच्या वेगळ्या बशीत वाढवून त्या बुरशीसमोर ठेवला. एकानंही तिला अडवलं नाही. किराणा दुकानदाराची पोर मी. हळदीचं माप मिरचीच्या डब्यात जाऊ द्यायचं नाही, हेच अप्पांनी शिकवलेलं. तिथंच चुकत होतं. दिवाळीनंतर दोन जंतू एकाच बशीत वाढवले. जागा अपुरी पडली तसे ते एकमेकांना ढकलू लागले आणि एकटे असताना कधी न बनवलेलं काहीतरी बनवू लागले. बुरशी त्यांच्या जवळ फिरकेना. भोवती स्वच्छ कडं उमटलं. आमचे प्रयोगशाळेतले सुंदररावसर म्हणाले, "चुकून झालं असंल, पुन्हा कर." पुन्हा तेच. मग त्यांनी स्वतः करून पाहिलं आणि सगळ्यांना चहा मागवला.

औषध व्हायला वर्षं लागतील. बाहेरच्या कंपन्यांची मलमं आता मेडिकलात दिसतात, पण छबुबाईंना परवडेल असं इथंच कुणीतरी शोधायला हवं. ते मी शोधणार. औरंगाबादला पीएच.डी.साठी माझी निवड झाली आहे.

अप्पा म्हणाले, "लई शिकलीस. एकटी पोरगी एवढ्या मोठ्या शहरात न्हाई ऱ्हायची." रागावले नाहीत, पुडी बांधता बांधता बोलले, म्हणजे ठरलंच. तू कडा गावचं सासर सोडून आलीस तेव्हाही असंच पुडी बांधत म्हणाले होते, "एकटी बाई कुठं जाणार? बस गल्ल्यामागं." अजून बसली आहेस. गणितात तू माझ्या कितीतरी पुढं होतीस. बारावी राहिली ती लग्नापायी.

म्हणून अक्का, औरंगाबादेत मी खोली दोघींना पुरेल अशी बघितली आहे. बारावीचा अर्ज तुला बाहेरून भरता येतो, विचारून आले. अप्पांना एकटी पोरगी चालत नाही, एकटी बाई चालत नाही. दोघींना काय म्हणतील? रविवारी येते. तू फक्त त्यांच्यासमोर, तुझ्या तोंडानं म्हण, "मी जाते हिच्यासंग." ट्रंक मी उचलीन.

तुझीच धाकटी,
रुचिका