डिसेंबरच्या आत उजवा डोळा

५ फेब्रुवारी १९५६, रविवार
उजव्या डोळ्यापुढे धुकं. कारण सापडलं. गेल्या महिन्यात गोळीबाराच्या दिवसांत नायगावच्या नाक्यावर पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तो डोळ्यात बसला आहे. चाळीतला बुधाजी माझ्या शेजारीच उभा होता, त्याला काही झालं नाही. त्याचे डोळे मुळातच राकट. धूर हळूहळू उतरेल.

२२ एप्रिल
मिलमध्ये आमच्या खात्याचा मुकादम, जॉबर गंगाधर बोलला. म्हणाला, भिवा, तुझ्या बाजूचे धागे तुटून लोंबतायत, तू सांधत का नाहीस. रिंग खात्यात उजेड कमी आहे असं मी त्याला शांतपणे सांगितलं. त्यावर तो म्हणाला, बाकीच्यांना तोच उजेड पुरतो. उलट बोलायची त्याची सवय जुनीच आहे.
उद्यापासून शेवग्याचा पाला आणि गुलाबपाणी.

१० जून
बायकोच्या, चंपाच्या हट्टामुळे परळच्या इस्पितळात गेलो. डॉक्टर तरुण आहेत. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, पिकला आहे, डावाही धरतोय म्हणाले. अश्रुधुराचं सांगितलं तर हसले.
ऑपरेशन असं: डोळ्याजवळ सुई मारतात, माणूस जागाच असतो. भिंग काढून टाकतात. मग पाठीवर सरळ पडून राहायचं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. पेज आणि दूध. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, उठायचं नाही, रडायचं तर अजिबात नाही, टाका तुटतो. महिना-दीड महिन्यानं जाड काचेचा चष्मा.
कळवतो म्हणालो. पावसाळ्यात जखम चिघळते. हे डॉक्टर बोलले नाहीत, पण त्यांना माहीत असणारच.

१९ ऑगस्ट
संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत पेपर वाचून दाखवायचं काम माझं. रात्रशाळेत शिकलेला मी एकटाच. आज बुधाजी मध्येच म्हणाला, भिवा, ही बातमी तू काल वाचलीस. मी म्हटलं, संयुक्त महाराष्ट्राच्या बातम्या रोज सारख्याच असतात. मोठा मथळा दिसतो, खालचं मला अंदाजानं येतं. इतकी वर्षं पेपर वाचल्यावर एवढं यायलाच हवं.
घरी आल्यावर चंपा म्हणाली, उद्यापास्नं डोकं दुखतंय म्हणून सांगा. मी रागावलो.

७ ऑक्टोबर
चाळीतली निम्मी माणसं नागपूरला निघाली आहेत. बाबासाहेब दीक्षा घेणार. चंपाने नवं पांढरं लुगडं काढून ठेवलं होतं. मी विचार करून नाही म्हटलं. धूळ, गर्दी, आणि मला नीट दिसणारही नाही. मुंबईतही समारंभ होणार असं बोलतात. तोपर्यंत डोळा करून घेतो आणि अगदी पुढे बसून स्वच्छ नजरेनं बघतो. चंपाने लुगडं घडी करून परत ठेवलं. काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलं.

२१ ऑक्टोबर
बुधाजी आला. पांढरा सदरा. बाबासाहेब थकलेले दिसत होते म्हणाला, काठीला धरून उभे होते. बुधाजीला सगळं वाढवून सांगायची खोड आहे.

१८ नोव्हेंबर
परवा ऑपरेशन होतं. त्याच सकाळी शिंक आली. एकच, पण मोठी. शिंकणाऱ्याचा टाका तुटतो हे डॉक्टरांनीच सांगितलं आहे. तारीख पुढे ढकलली, आता ३ डिसेंबर. चंपा म्हणाली, भीती वाटते तर तसं सांगा, मला चालंल. मी म्हटलं, भीतीचा प्रश्नच नाही, हा शिंकेचा प्रश्न आहे.

२ डिसेंबर, रविवार
सोळा तारखेला मुंबईत दीक्षा. तोवर इस्पितळातून सुटतो, डोळ्यावर हिरवी पट्टी लावतो आणि पहिल्या रांगेत. डॉक्टर म्हणतात, चष्मा जानेवारीत. माणसाच्या जिद्दीचा त्यांच्या पुस्तकात हिशेब नसतो. चंपाने लुगडं उन्हात घातलं आहे.

३० डिसेंबर
डाव्या डोळ्यानं, मोठी अक्षरं काढून लिहितो आहे.
ऑपरेशन चांगलं झालं. दुखलं नाही. चिमट्याची सावली दिसली, मग नुसता उजेड. पट्ट्या बांधल्या. पिशव्यांमध्ये डोकं ठेवून निजलो.
सहा तारखेला वॉर्डात कुजबुज सुरू झाली. मी विचारलं तर कुणी सांगेना. शेवटी सिस्टर कालिंदीबाई जवळ आल्या, माझं कपाळ हातानं धरलं आणि म्हणाल्या, बाबासाहेब दिल्लीत गेले. मग म्हणाल्या, "भिवाजी, रडायचं नाही हं. हलायचं पण नाही." कपाळावरचा हात त्यांनी बराच वेळ काढला नाही.
दुसऱ्या दिवशी दुपारी अंत्ययात्रा इस्पितळाखालच्या रस्त्यानं जाणार होती. चंपा आली. जाऊ का, म्हणाली. मी म्हटलं, जा. माझ्या वाटचं पण बघून ये.
आधी पावलं ऐकू आली. चपला, अनवाणी पाय, खूप. मग घोषणा, मग बायकांचं रडणं, आणि ते संपेचना. वॉर्डातले चालते रुग्ण खिडक्यांशी गेले. मी पडून ऐकलं. मग उठलो. खाटेच्या कडा धरत, भिंत चाचपत खिडकीपाशी गेलो आणि हात जोडून उभा राहिलो. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. खालून कुणीतरी बुद्धं सरणं म्हणत होतं, ते मीही म्हटलं. रडलो नाही. पट्टी ओली झाली ती घामानं. डिसेंबरातही कधी कधी उकडतं.
संध्याकाळी डोळा ठणकायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, उठला होतात का. शिंक आली होती, म्हणालो. डोळ्यात रक्त उतरलं आहे म्हणाले. रक्त जिरतं. आपल्या शरीराला तेवढं कळतं.
चंपाने दीक्षा घेतली. तिथेच, चितेसमोर, हजारो लोकांबरोबर.

२० जानेवारी १९५७
चष्म्यासाठी गेलो. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यापुढे जाड भिंग धरलं आणि विचारलं, किती बोटं. तीन म्हणालो. ते म्हणाले, मी हात वर केलेलाच नाही. काचेचा नंबर चुकला असणार, असं मी सुचवलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. उजेड-अंधार कळेल, म्हणाले, त्यापुढे काही नाही. डावा वेळेवर करू, तो जपा. बाहेर आल्यावर चंपाने माझा हात धरला. रस्त्यात हात धरायची आमच्यात पद्धत नाही. मी सोडवला नाही.

१० फेब्रुवारी, रविवार
पेपर आता बुधाजीची सून वाचते. चांगलं वाचते. जरा घाई करते.
आज घरात दोघंच होतो. इतके दिवस विचारायचं टाळलं ते विचारलं. म्हटलं, चंपा, त्या दिवशी तू पाहिलंस ना, कसे दिसत होते.
ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. म्हणाली, "नाय पाहिलं."
गर्दी होती का, विचारलं.
"गर्दी होती. पण मी पुढं होते. ट्रक अगदी समोर आला. तेवढ्यात वर नजर गेली तर तुम्ही खिडकीत उभे. डोळं बांधलेले, हात जोडलेले, आणि खिडकीला गज नाय. मी तुमच्याकडंच बघत राहिले, पडाल म्हणून. तुम्ही आत वळलात तवर ट्रक पुढं गेला."
मग ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. मी उठलो होतो हे तिला तेव्हापासून माहीत होतं. शिंकेबद्दल तिने एकदाही विचारलं नाही.
म्हणजे आमच्या घरातून कुणीच पाहिलं नाही.