बाळूच्या गाण्यात आमची मोटार

डिंगोरे, मंगळवार, दिवेलागण

बाळूनं, दोस्त असून, माझा ठेका ढापला. की नाही? दुपारी ओतूरला सलूनमध्ये दाढी करून घेत होतो, तर तिथं त्याचं नवं गाणं वाजलं. शब्द त्याचे, पण ढोलकीमागं मोटारीची घरघर आणि दर थोड्या वेळानं ते खट्. आमच्या विहिरीवरची मोटार मी झोपेतही ओळखतो.

तिच्याशेजारी बसूनच तर मी मोबाईलवर, फुकटच्या अ‍ॅपमध्ये, त्या खट्वर ठेका बांधला होता. कॉलर माईक बाळूनंच वापरायला दिलेला, आणि फाईल फक्त त्यालाच पाठवलेली. मग दुसरं कोण?

सरळ त्याच्या मळ्यात गेलो. "आमची मोटार तुझ्या गाण्यात कशी रे?"

त्याचं पाणी चालूच होतं. विहिरीवरच्या मोटारीकडं बोट दाखवून म्हणाला, "आईक."

घरघर. खट्.

"तुझी जळाली व्हती, तवा पंधरा दिस कुणाची मोटार नेली व्हतीस, राव? ती परत आल्यावर मी बी तिच्यावरच ठेका धरला. एवढंच."

खरंच की. मी ठेका बांधला तेव्हा आमची रिवायंडिंगला होती, विहिरीवर बाळूचीच होती. ते खट् आमचं नव्हतंच. तरी ठेका इतका सारखा? एकाच खट्वर धरला तर येईलही. पण माझी फाईल ऐकल्यावरच त्याला हे सुचावं?

हे माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. निघताना तो एवढंच म्हणाला, "माईक ठिवून जा."

आजवर त्यानं तो कधीच मागितला नव्हता.