शिरस्तेदारांचं डोकं

बेळगाव, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५७

निपाणीतले आमचे वडीलधारे, तंबाखूच्या वखारीचे मालक आणि आक्काचं भाग्य, हरिभाऊ दाजी यांच्या चरणी चिंतामणी पगडीबंदाचा दंडवत. इकडे सगळे खुशाल आहोत. तुमची कंबर, आक्काचा दमा आणि वखारीमागची म्हैस यांची प्रकृती सविस्तर कळवावी. (मागच्या पत्रात एकट्या म्हशीचीच कळवली होती.)

आक्काच्या पत्रातून एक आनंदाची बातमी समजली. तुम्ही वयाच्या बावन्नाव्या वर्षी शेंडीला रजा देऊन डोकंभर केस राखलेत आणि रोज सकाळी आरशापुढं उभं राहून डाव्या बाजूला भांग पाडता म्हणे. वाचून ऊर भरून आला. जग बदलतं तसं माणसानं बदलावं, हे तुम्ही मला गेली वीस वर्षं दर दिवाळीला फराळाच्या ताटावर ऐकवत आलात. मी तेव्हा मान हलवून करंजी उचलत असे, पण शब्द मनात राहिले होते. त्या उपदेशाबरहुकूम मी किती बदललो, याची हकीगत आज लिहायला बसलो आहे.

आमच्या आप्पांनी दुकानाच्या फळीवर एकसष्ट लाकडी डोकी मांडून ठेवली होती, ती तुम्ही पाहिली आहेत. गिऱ्हाइकाच्या डोक्याचं माप घ्यायचं, फणसाच्या लाकडाचा तसाच ठोकळा कोरून घ्यायचा, खाली त्याचं नाव लिहायचं आणि जन्मभर त्याची पगडी त्याच ठोकळ्यावर बांधायची, ही त्यांची रीत. वकील करण्याआधी पक्षकार आमच्या दुकानात येऊन त्याचं डोकं हातात घेऊन बघत, असं आप्पा सांगत. (आप्पा बरंच काही सांगत.) तुमच्या लग्नात तुमचं माप घ्यायला सवड झाली नाही, म्हणून त्यांनी तुमची पगडी कोर्टातल्या शामराव शिरस्तेदारांच्या ठोकळ्यावर बांधली. ती तुम्हाला अशी चपखल बसली, की तुम्ही तीन दिवस झोपतानाही काढली नाहीत. देवानं एकच डोकं दोनदा केलं, असं आप्पा शेवटपर्यंत म्हणत.

पुढं आप्पा गेले, आणि त्यांच्या मागोमाग पगड्याही गेल्या. वकील लोक काळ्या टोप्या घालू लागले. मी हातपाय गाळले नाहीत. टोप्या तर टोप्या, डोकी तर आपल्याच फळीवर आहेत, असा विचार करून मी एका महिन्यात चाळीस टोप्या शिवल्या आणि घरपोच केल्या. एकही कुणाच्या डोक्यात शिरेना. ठोकळे होते तुळतुळीत डोक्यांचे, आणि पगडी सोडल्याबरोबर सगळ्यांनी तुमच्यासारखे केस राखले होते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. भिडस्त गिऱ्हाइकांनी टोप्या परत केल्या नाहीत, तशाच वर ठेवून हिंडले. एक मास्तर सायकलवरून काकतीला निघाले, ते वाऱ्यानं उडालेल्या टोपीमागं भाताच्या शेतात उतरले आणि शाळेत गुडघाभर चिखल घेऊन पोचले.

मी मापं वाढवली. टोप्या डोक्यात शिरू लागल्या, तोवर लोकांना पांढरी खादीची टोपी हवीशी झाली. मीही मागं राहिलो नाही. शंभर टोप्या शिवल्या, आणि पगडीबंदाचा हात असल्यामुळं प्रत्येक टोपीला तांदळाची दाट खळ देऊन आतून बुकरमचं ताठ अस्तर लावलं. टोप्या अशा ताठ झाल्या की त्यावर पाण्याचा तांब्या ठेवावा. आता तुम्हीच सांगा, पोलीस दिसले की ही टोपी घडी घालून खिशात सारायची असते, हे मला कुणी सांगितलं होतं? संकेश्वरच्या बाजारात पोलीस आले तेव्हा बाकीच्यांच्या टोप्या खिशात गेल्या आणि आमच्या गल्लीतला परशराम तेवढा टोपीशी झटापट करत उभा राहिला. दिवसभर चौकीत बसून आला. मी तोंड चुकवत होतो, तर तो गडी हसत दुकानात आला. "काका, तुमच्या टोपीनं माझं लई नाव झालं बघा. आणि एक द्या," म्हणाला.

त्यानंतर तरुण मंडळी उघड्या डोक्यानं फिरू लागली, आणि माझी अक्कल संपली. आमच्या मंडळींनी, म्हणजे सुनंदानं, छत्र्या दुरुस्त करायचं सुचवलं. बेळगावच्या पावसात हा धंदा बरा चालतो, आणि डोक्याशी संबंधही तुटत नाही. मग गेल्या श्रावणात सरपण भिजलं. सुनंदा म्हणाली, "लाकडं सगळी भिजल्यात. फळीवरची ती डोकी कशाला सांभाळून ठेवलायसा?" मी तुमचा उपदेश आठवला आणि काळीज घट्ट केलं. पंधरा दिवसांत बेळगावचे सगळे नामांकित वकील आमच्या बंबाखाली जळाले. जाणत्या वकिलांचं पाणी लवकर तापे. शेवटच्या दिवशी आप्पांच्या हातचं अक्षर राखेत जाताना पाहिलं, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मी आंघोळ केली नाही.

असो. आता शुभवर्तमान. आपल्या लेकीला, विद्युल्लतेला, स्थळ सांगून आलं आहे. मुलगा शरद, मराठी शाळेत मास्तर, स्वभावानं गोड. पोरीनं त्याला एकदाच पाहिलं, पण तेव्हापासून भाकरी थापताना गुणगुणत असते. आईविना वाढल्यासारखी गप्प असायची ती (आई समोर असूनही), तिचं गुणगुणणं ऐकून मला दुकानात बसवत नाही, उगाच स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातो. मुलाचे आजोबा म्हणजे तेच आपले शामराव शिरस्तेदार. हल्ली संकेश्वरला असतात, वय एक्याऐंशी, डोक्यावर अजून शेंडी. गेल्या आठवड्यात घरी आले, पोहे खाल्ले आणि म्हणाले, "हुंडा नको, मानपान नको. नातवाच्या लग्नात आप्पांच्या घडणीची एक पगडी माझ्या डोक्यावर पाहिजे. माप द्यायला नको, आमचं डोकं तुमच्याकडं हायच की."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला, तुमचं डोकं श्रावणात बंबाखाली घातलं, असं त्याच्याच होणाऱ्या नातसुनेच्या बापानं कसं सांगावं? पोहे गोड लागले असते का त्यांना? लग्न माघात आहे. काळजीचं काही कारण नाही. आक्काला नमस्कार, म्हशीला आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
चिंतामणी

ता. क. काळजीचं थोडं कारण आहे. फितीनं डोक्याचा घेर कळतो, घडण कळत नाही. पगडी एक बोट जरी डगमगली तरी शामरावांना सगळं उमगेल. कोर्टात चाळीस वर्षं काढलेला माणूस आहे.

ता. क. दुसरा. तेव्हा दाजी, येत्या सोमवारी सकाळच्या मोटारीनं बेळगावास यावं आणि चार दिवस दुकानात स्टुलावर न हलता बसावं. जांबोटीचा रवळू सुतार फणसाचं लाकूड घेऊन येतो आहे. तो तुमच्या डोक्यावरून शामरावांचं डोकं पुन्हा कोरणार आहे. रोज दोन्ही वेळा पुरणपोळी. फक्त एक विनंती. शामरावांचं डोकं तुळतुळीत आहे, आणि केसांनी मला एकदा चांगलाच धडा शिकवला आहे. तरी येताना केस उतरवून, जमेल तेवढी शेंडी राखून यावं. बदलाचं महत्त्व तुम्हाला मी काय सांगावं.

ता. क. तिसरा. तुम्ही विचारात पडाल हे ओळखून आक्काला आधीच निराळं पत्र टाकलं होतं. तिचं उलट टपालानं उत्तर आलं. तो भांग तिला पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. हे पत्र हाती पडेल तेव्हा भरमा न्हावी वस्तरा परजत ओसरीवर बसलेला असेल. त्याच्यावर रागावू नये, त्यालाही लग्नाचं आमंत्रण आहे.