हिरवा ठिपका लागेपर्यंत

पप्पा,

मी आणि आई बांगड्या भरायला कळंब्याला मावशीकडं चाललोय. तुमच्या स्टुडिओतली जुनी लेन्स संग्रामदादाच्या डिजिटल कॅमेऱ्याला बसवून टेबलावर ठेवलीय. रिंग सावकाश फिरवा. फोकस जमला की आत हिरवा ठिपका लागतोय, कॅमेरा वाजतोय पण. मोतीबिंदू असला तरी दिसतंय की! आधी दारातल्या जास्वंदीवर सराव करा.

काल मी 'लग्नाला दुसरा फोटोग्राफर बघूया' म्हटलं आणि तुम्ही भरल्या ताटावरनं उठलासा. चुकलंच माझं. ज्याला विचारून ठेवलं होतं, त्या फोटोग्राफरला सकाळीच नको म्हणून सांगितलंय.

लहानपणी फोटो काढताना 'हलू नको' म्हणून ओरडायचासा. आता ओरडू नका. सगळा मांडव ताटकळला तरी चालंल, ठिपका लागेपर्यंत मी हार धरून उभी ऱ्हाईन.

निशिगंधा