उन्हाकडची पिंपं

बार्ड्सटाउन, केंटकी
१२ मे १९५७

तीर्थस्वरूप व्हर्नाताईस,

धाकट्या डेलबर्टचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझ्या भावजयीचे, इमोजीनचे गुडघे आणि तिची जीभ, दोन्ही पूर्वीसारखीच चालतात. आमच्या वेंडेलच्या बायकोला सातवा महिना लागलाय. पोरगा बाप होणार म्हणून गुदामात शीळ घालत हिंडतो आणि मी मुकादम असूनही माझं एक ऐकत नाही.

लाकडाचा ट्रक चालवणाऱ्या रे नावाच्या माणसाबरोबर खोकल्याच्या औषधाच्या पाच बाटल्या पाठवतोय. दारूला पाप मानणाऱ्या तुझ्या मेथडिस्ट शेजारणीने विचारलं तर घरात सगळ्यांना खोकला झालाय म्हणून सांग. चार बाटल्यांत आमच्याच भट्टीची, वेगवेगळ्या पिंपांतली. पाचवी पेनसिल्व्हेनियाची, राय धान्याची. आमचे नवे साहेब टॉलिव्हर फिलाडेल्फियाहून येताना घेऊन आले. तुझे सासरचे आमच्या व्हिस्कीला साखरेचा पाक म्हणतात ना? मग तुमची टेनेसीची धरून तिन्ही राज्यांच्या बाटल्या एका टेबलावर मांड आणि निवाडा कर. बाबा म्हणायचे की घरात खरी जीभ एकच, ती व्हर्नाची.

टॉलिव्हरसाहेबांना आमच्या गुदामाच्या वरच्या मजल्यावरची, दक्षिणेची, उन्हाकडची पिंपं फार आवडलीत. दुसरं काही तोंडालाच लावत नाहीत. हिवाळ्यापासून आम्ही तीच उतरवतोय. बाकी नवीन काही नाही. तिसऱ्या मजल्याचं दार हल्ली अडकतं आणि बाबांनी छपरातून टांगलेला ओळंबा जरा उत्तरेला गेलाय. जुनी इमारत म्हटल्यावर एवढं चालायचंच.

एमेटभावजींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहो, वाढला तरी आमची हरकत नाही.

तुझा,
डेल

*

लिंकन काउंटी, टेनेसी
२१ मे १९५७

चि. डेलबर्ट यास,

अनेक आशीर्वाद. बाटल्या पोचल्या. रेने एक वाटेत उघडून पाहिली होती, बूच उलटं लावलेलं होतं.

रविवारी प्रार्थनेहून आल्यावर मी आणि एमेट परसात बसलो. पेनसिल्व्हेनियाची राय आधी चावते आणि मग ओळख करून घेते. मिरपूड, ओलं गवत आणि शेवटी एक तुरटपणा. फटकळ बाईसारखी आहे, पण मला आवडली. मग आमची, मेपलच्या कोळशातून थेंब थेंब गाळलेली. एमेट म्हणतो की हिला म्हणतात व्हिस्की, घशाखाली गेलेली कळतसुद्धा नाही. मी म्हटलं, कळतच नसेल तर प्यायची कशाला? दोन दिवस फुगून बसला होता. तुमची मात्र तोंड भरून टाकते. मका, करपलेली साखर, जळक्या ओक लाकडाचा वास. माहेरच्या अंगणात उभी राहिल्यासारखं वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

पण डेल, तुमच्या चारी बाटल्या एकाच चवीच्या कशा? चारींत ऊन खाल्लेलं लाकूड आहे, चारी जीभ कोरडी करतात. सावलीकडचं एकही पिंप त्यात नाही. मी बाबांचा डबा घेऊन त्या गुदामात जायची तेव्हा ते काय सांगायचे, विसरलास? दक्षिणेचं एक काढलं की उत्तरेचं एक काढायचं. जोडी मोडायची नाही. ते गुदाम म्हणजे नुसत्या लाकडी मांडण्यांचा डोलारा, पिंपांच्याच वजनावर तोललेला. चव बाटलीत जमवता येते, भार जमवता येत नाही, असं म्हणायचे ते.

तू ओळंब्याचं दोन शब्दांत उरकलंस. तीच ओळ मी परत परत वाचली. किती सरकलाय ते नीट बघ आणि वेंडेलला वरून खाली घे. मोठी बहीण म्हणून सांगतेय, विनंती समजू नकोस.

इमोजीनला गुडघ्यासाठी लेप पाठवते. आठवण ठेवावी.

तुझी ताई,
व्हर्ना

*

बार्ड्सटाउन
३ जून १९५७

ती. ताईस,

कृतानेक नमस्कार. तुझ्या जिभेला मी आजवर चेष्टेत घाबरायचो, या वेळी खरंच घाबरलो. पत्र खिशात घालून गुदामात गेलो आणि ओळंबा बघितला. तो अगदी खुणेवर होता. मी इतका हलका झालो की तिथेच पायरीवर बसलो. बसल्यावर खाली लक्ष गेलं. बाबांनी खूण म्हणून जमिनीवर ठोकलेली पितळी पट्टी जिथे होती तिथली फळी रिकामी होती, खिळ्यांची जुनी भोकं तशीच होती आणि पट्टी हातभर उत्तरेला नव्या खिळ्यांनी ठोकलेली होती. ओळंबा खुणेवर आला नव्हता, ताई, खूण ओळंब्याखाली नेली होती.

टॉलिव्हरसाहेबांना विचारलं. त्यांनी कबूल केलं, अगदी हसत. म्हणाले, माणसं उगाच वर बघून कुजबुजत होती, म्हणून त्यांच्या मनाला शांती दिली. मी बाबांचा नियम सांगितला, तर म्हणाले, तुमच्या वडिलांनी पिंपं मोजली, मी चव मोजतो. उत्तरेकडचा माल फिका आहे, तो मी कोणाला पाजू?

आता पंधरा तारखेच्या शनिवारी त्यांचे फिलाडेल्फियाचे पाहुणे येणार आहेत. त्यांच्यासमोर वरच्या मजल्यावरचं दक्षिणेचं शेवटचं चांगलं पिंप उतरवायचंय आणि ते काम वेंडेलला सांगितलंय. मी नको म्हटलं तर पोरगा म्हणतो, बाबा, कुरकुर तुमच्या हाडांची आहे, गुदामाची नाही. जास्त अडवलं तर मला दाखवायला म्हणून आधी वर चढेल. तो नाही गेला तर दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा जाईल. सगळे माझ्याच हाताखालचे आहेत.

दुपारी सगळे जेवायला बाहेर गेले की मी आत उभा राहतो. लाकूड बोलतं गं. पूर्वीही बोलायचं, पण आता ते कण्हतं. इमोजीनला काही सांगितलेलं नाही. तूही लिहू नकोस.

आशीर्वाद असू द्यावा, या वेळी जरा जास्तच.

डेल

*

लिंकन काउंटी
१५ जून १९५७, शनिवार सकाळ

चि. डेल,

काल संध्याकाळी तुझा वेंडेल दारात उभा. हातात बाटली आणि तुझी चिठ्ठी, की हे खास पिंप आहे, ताईने सावकाश चाखून कळवावं, घाई नाही, रविवारच्या आधी पोराला सोडू नये. वेंडेल हसत होता. म्हणाला, आत्या, एका घोटासाठी बाबांनी मला दुसऱ्या राज्यात पिटाळलं, म्हातारा चळलाय. मीही हसले. मक्याचा पाव, शेंगा आणि हॅम वाढलं. चार माणसांचं जेवला.

मग मी बाटली उघडली. मूर्खा, कोळशातून गाळलेली व्हिस्की मला कळणार नाही? कोळशाच्या भट्टीवर राबणाऱ्या माझ्या नवऱ्याच्या अंगाला रोज हाच वास येतो. तू दुकानातून आमचीच टेनेसीची घेतलीस, लेबल खरवडलंस आणि परत माझ्याकडेच धाडलीस. तुला चव नकोच होती. तुला पोरगा तिथून लांब हवा होता.

ते कळलं आणि दुसऱ्याच क्षणी पुढचंही कळलं. दुसऱ्या कोणाच्या मुलाला तू पाठवणार नाहीस. मग आज वर कोण चढणार?

चौकातल्या दुकानातून फोन लावला. तुमच्याकडे कोणी उचलत नाही. वेंडेल बाहेर आमचं फाटक दुरुस्त करतोय, तीच शीळ घालतोय. त्याला सांगितलं तर गाडी काढून सुटेल, म्हणून ओठ शिवून बसले आहे. हे पत्र पोचेल तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, तरी लिहितेय. हात रिकामे राहिले तर मला वेड लागेल. चढू नकोस रे. नोकरी गेली तर आमच्याकडे ये, कोळसा जाळ, एमेटची बोलणी खा. चढू नकोस.

ताई

*

बार्ड्सटाउन
१८ जून १९५७

ती. ताईस,

नमस्कार. अक्षर इमोजीनचं आहे, उजवा हात माझा प्लास्टरमध्ये आहे. तिला आता सगळं कळलंय आणि ती लिहिता लिहिता मला शिव्याही देतेय.

मी चढलो होतो. साहेब पाहुण्यांना घेऊन बाहेर झाडाखाली उभे होते. तिसऱ्या मजल्यावर पोचलो आणि बाबांचा ओळंबा दिसला. वारा नव्हता, पानही हलत नव्हतं आणि तो झुलत होता. मी पिंपाला हात लावला नाही. उतरलो कसा, आठवत नाही. दारातून बाहेर पडताना पडलो आणि मागे उत्तरेकडची अख्खी बाजू बसली. मग दक्षिणही तिच्यावर आली. आत कोणी नव्हतं. ताई, आत कोणी नव्हतं. हे मी झोपेतही म्हणतो असं इमोजीन म्हणते.

व्हिस्की रस्त्याकडेच्या चरातून वाहत होती. टॉलिव्हरसाहेब चराच्या काठाशी येऊन उभे राहिले. काही सुचेना तेव्हा त्यांनी मला विचारलं, की ही वाहतेय ती कुठल्या बाजूची? मी डावा हात बुडवला आणि जिभेला लावला. ऊन होतं, सावली होती, दोन्ही एकत्र. बाबांच्या वेळची चव. म्हटलं, साहेब, जोडीची आहे.

वेंडेल परत आला तो माझ्यावर ओरडला, मग माझ्या पलंगाशी बसून लहानपणी रडायचा तसा रडला. मी त्याला सांगितलं, मीही घाबरलो होतो. आयुष्यात पहिल्यांदाच सांगितलं.

तुझं शनिवारचं पत्र आज पोचलं. उशाशी ठेवलंय. लोभ दोन्ही बाजूंनी सारखा राहो.

तुझा,
डेल