आवळून बांधा

गुरुवार, संध्याकाळ

माझा जुना विद्यार्थी भीमा. उसात साप चावला, तर घरच्यांनी आधी देवळात नेलं! जगला, पण पाय अजून काळानिळा. आज राहुरीच्या दवाखान्यात त्याच्या वडिलांवर चिडलेच. ते शांतपणे म्हणाले, "बाई, साप चावला की आवळून बांधा, हे तुमीच शिकवलं हुतं. आता डॉक्टर म्हनत्यात बांधू नका. देवाचा अंगारा कधी बदलला न्हाई."

"चूक कळली म्हणून बदललं," मी म्हणाले.

"म्हंजी आधी चुकीचंच शिकवलं की!"

'आवळून बांधा' फळ्यावर मीच लिहिलं होतं. पुस्तकातही तसंच होतं. बदल कळल्यावर पुढच्या वर्गांना सांगितलं. पण भीमाच्या वर्गाला कुणी सांगितलं?