तीन ग्लास पाणी

प्रिय भिंगरी,

रविवारी तू फोनवर सांगितलंस की उत्तम कामगाराच्या बक्षिसासाठी तुझं नाव गेलंय, आणि मी नुसतं ‘हं’ म्हणाले. तू नक्की हिरमुसली असशील. बाबांनी तर निम्म्या इमारतीला बातमी सांगितली, लिफ्टवाल्यालासुद्धा, आणि मग माझ्यावर घसरले की पोरीचं कौतुक करताना तुझी दातखीळ बसते का. दातखीळ नव्हती गं बसली. जे सांगायचं होतं ते तोंडून निघेना, म्हणून कागद घेतलाय.

बाहेरच्या खोलीतलं घड्याळ तुझं किती लाडकं! शाळेतल्या मैत्रिणींना ओढत आणायचीस, माझ्या आईला बक्षीस मिळालंय म्हणून दाखवायला. कारखान्यात सत्तर पुरुषांच्या शेडमध्ये लेथ मशीनवर उभी राहणारी मी एकटी बाई. फोरमनसाहेबांनी घड्याळ देताना सगळ्यांसमोर सांगितलं की बाकीच्यांची मशीनं तासातासाला थांबतात, बाईंचं शिफ्टभर थांबत नाही. मी अशी काही फुगले होते! पहिले चार दिवस पोळ्या टाकून वेळ बघायला बाहेर यायचे. दोन पोळ्या करपल्यादेखील.

आता खरं सांगते. मशीन थांबत नव्हतं, कारण मी पाणीच पीत नव्हते. शेडमधलं बाथरूम पुरुषांचं. बायकांचं ते ऑफिसातल्या टायपिस्टबाईंचं, अख्खं आवार ओलांडून, आणि त्याची किल्ली फोरमनच्या टेबलावर. पहिल्याच आठवड्यात एकदा मागितली, तर सगळ्या माना वळल्या आणि मागून कुणीतरी शीळ घातली. मेल्याचा चेहरा पाहिला नाही, पण ती शीळ अजून कानात आहे. पुन्हा मी हात पुढे केला नाही. सकाळी अर्धा कप चहा, की थेट घरी येईपर्यंत काही नाही. अशी अकरा वर्षं काढली.

घरी आल्या आल्या चपलाही न काढता मी नळाशी उभी राहून घटाघटा पाणी प्यायचे, आठवतं? तू टाळ्या वाजवत ग्लास मोजायचीस, एक, दोन, तीन. तुला वाटायचं आईचा हा खेळच आहे. मीही तसंच वाटू दिलं.

आणि हे वाचून आरडाओरडा करू नकोस. गेल्या वर्षी मी महिनाभर मावशीकडे गेले होते ना, ती मावशी म्हणजे दवाखाना. खडे होऊन होऊन एक किडनी निकामी झाली होती, ती काढली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कामावर पाणी किती प्यायचात, तेव्हा कुठे मी खरं सांगितलं, एक थेंबही नाही. बाबा बाहेर जाऊन रडले. इतकी वर्षं एका घरात राहून त्यांनाही ठाऊक नव्हतं. आता मी ठणठणीत आहे. बाबांनी माझ्या बाटलीवर पेनाने रेघा मारल्यात, आणि वेळेत रेघ गाठली नाही तर सासूसारखे मागे लागतात.

रविवारी तू हसत हसत म्हणालीस की आई, मी तुझ्या वरताण आहे, माझंही मशीन दिवसभर थांबत नाही, कारण बायकांचं बाथरूम पार गेटपाशी, म्हणून मी पाण्याला शिवतच नाही. वर म्हणालीस, बक्षीस मिळालं की घड्याळाशेजारी लावू. म्हणून माझं ते नुसतं ‘हं’, बाई. किल्ली अडवून ठेवली ती कारखान्याने, पण तहान भिंतीवर टांगून तुला शिकवली ती मी. सोमवारी स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं. पार्सलात दीड लिटरची बाटली पाठवतेय, रेघा मी स्वतः मारल्यात. तुमच्या शेडमध्ये आता तुम्ही चौदाजणी आहात. मी एकटी होते, घाबरले. तुम्ही दोघी-चौघी नाही, चौदाच्या चौदा साहेबांपुढे उभ्या राहा आणि बाथरूम शेडमध्येच मागा, पुरुषांचं आहे तसंच, बिनकिल्लीचं. कुणी शीळ घातली तर वळून त्याच्याकडे बघा. मशीन थांबलं तर थांबू दे, बक्षीस गेलं तर खुशाल जाऊ दे. मी आता रोज संध्याकाळी फोन करणार आहे आणि एकच विचारणार आहे, बाटली रिकामी झाली का?

तुझीच,
तीन ग्लासवाली आई